घरी राबणारी आई

(महिला मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आम्ही चार शब्द मांडणार आहोत. 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणाने नव्हे. बोलायला एक उभी असली तरी हे भाषण आम्हा पाचजणींनी मिळून तयार केले आहे. त्यात दोघी विड्या वळणाऱ्या, एक साड्यांना फॉल-पिको करणारी, एक डबे देणारी आणि एक संगणकावर कंपनीचे काम घरून करणारी आमच्यातल्याच एकीची सून आहे. पाचहीजणी आया आहोत आणि पाचहीजणींचे कामाचे ठिकाण आणि चूल एकाच छपराखाली आहे. मंडळाने 'कुटुंब आणि माता' असा विषय दिला. त्यावर त्याग, वात्सल्य, संस्कार असे बोलण्याची रीत आहे. ते बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही कामाबद्दल बोलणार आहोत.

वर्तमानपत्रातल्या लहान जाहिराती आपण पाहिल्या असतील. 'महिलांनो, घरबसल्या कमवा.' हा 'घरबसल्या' शब्द ज्याने काढला त्याने कधी सूप मांडीवर घेतलेले नसावे. विडी वळणारी बाई बसलेली असते हे खरेच आहे. सकाळी बसते, दुपारी बसते, दिवे लागल्यावर पुन्हा बसते. पण कचेरीतला कारकूनही बसलेलाच असतो, आणि त्याला कुणी 'बसून खातो' म्हणत नाही.

आमच्या विदर्भात, विशेषतः भंडारा-गोंदिया आणि नागपूरच्या बाजूला, विडी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. सोलापुरातही हजारो बायकांची घरे यावरच चालली. जंगलातला तेंदूपत्ता उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत तोडला जातो. तो वाळवून, पुडके बांधून कारखान्याकडे आणि तिथून सट्टेदारामार्फत आमच्याकडे येतो. विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी हे काम जन्मापासून पाहिले आहे, म्हणूनच ते कधी नीट पाहिले नसेल, असा आमचा अंदाज आहे.

रात्री जेवणे उरकली की पाने भिजत घालायची आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. कोरडे पान चिरते आणि फार ओले पान बुरशी धरते. हा अंदाज हातालाच असतो. सकाळी पाणी भरून, शाळेचे डबे करून झाले की पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने पान कापायचे. शिरा टाळायच्या, भोके टाळायची. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू, डाव्या हातात पान, उजव्या हाताची चिमूट. पान वळायचे, दोऱ्याचा वेढा द्यायचा, तोंड नखाने मुडपायचे. अशा हजार विड्या झाल्या म्हणजे एक हजारी. मजुरी हजारावर मिळते. हात कितीही चालता असला तरी हजार पुरी व्हायला दिवस सरतो, आणि मध्ये पाहुणा आला, मूल तापले, नळ अवेळी आला की रात्र लागते.

संध्याकाळी सट्टेदाराकडे माल न्यायचा. तिथे छाट निघते. ही बारीक, ही सैल, हिचे पान काळे. छाटात गेलेल्या विडीची मजुरी मिळत नाही आणि ती विडीही परत मिळत नाही. पान कमी भरले तर ते आमच्या पदरचे पैसे घालून बाजारातून आणायचे, कारण हजाराचा हिशेब पूर्ण द्यावा लागतो. आमच्यातली एक गणिताला पक्की आहे. ती म्हणते, पान आमचे, छाट त्यांची, जागा आमची, दिवा आमचा, पाणी आमचे, मग कारखाना नक्की कुणाचा? आम्हाला उत्तर आले नाही. आपल्यापैकी कुणी अर्थशास्त्र शिकत असेल तर सांगावे.

तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते. कंबर धरते. डोळ्यांत पाणी येते. ज्या खोलीत सूप असते त्याच खोलीत पाळणा असतो. यावर अधिक सांगत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे.

फॉल-पिकोची गोष्ट थोडी निराळी. तिथे मशीन आपली आणि दुकानदार लांबचा. लग्नसराईत रात्र पुरत नाही आणि भर पावसाळ्यात काम येत नाही. डबेवालीचे तर घड्याळच दुसऱ्यांच्या पोटावर चालते. आणि आमची सून खोलीच्या कोपऱ्यात संगणकापुढे बसते, कानाला यंत्र लावून इंग्रजीत बोलते. तिचा पगार आमच्या सगळ्यांच्या मजुरीच्या बेरजेपेक्षा जास्त आहे हे सांगायला आम्हाला आनंद वाटतो. पण मूल रडले की तीही आमच्यासारखीच एका हाताने पाळणा हलवते. तिच्याबद्दल पुढे येईलच.

आता धम्माकडे वळू. आपल्या विहारात महामाया, महाप्रजापती गोतमी, विशाखा यांच्याबद्दल नेहमी बोलले जाते आणि ते योग्यच आहे. पण विशाखा मोठ्या श्रेष्ठीच्या घरातली. आमच्यासारखी, हातावर पोट असलेली कुणी आहे का, हे आम्ही शोधले तेव्हा आम्हाला नकुलमाता सापडली. अंगुत्तर निकायाच्या सहाच्या निपातात तिची कथा येते. भग्ग देशात सुंसुमारगिरी येथे तथागत मुक्कामी असताना तिचा नवरा नकुलपिता फार आजारी पडला. जगतो की मरतो अशी वेळ. तेव्हा ती उशाशी बसून त्याला सांगते की मनात काळजी ठेवून प्राण सोडू नका, तसे मरण दुःखाचे असते. मग त्याच्या मनात कोणकोणत्या काळज्या असतील त्या ती एकेक घेते आणि एकेक सोडवते. अशा सहा काळज्या आहेत. मी दुसरे घर करीन का, तथागतांचे आणि संघाचे दर्शन सोडीन का, शील पाळीन का, चित्ताची शांती मला मिळाली आहे का, धम्मात मी स्थिर झाले आहे का. पण या सगळ्यांच्या आधी तिने घेतलेली पहिली काळजी कोणती? माझ्या माघारी ही मुले कशी पोसेल आणि घर कसे चालवील, ही. आणि तिचे उत्तर असे की मला कापूस कातता येतो, लोकर विंचरता येते, मी मुले पोशीन आणि घर सांभाळीन.

भगिनींनो, अडीच हजार वर्षांपूर्वीची ही बाई घरी बसून सूत काततच होती. तिने नवऱ्याला धीर दिला तो आधी मिळकतीचा दिला, शीलाचा आणि समाधीचा नंतर. नकुलपिता बरा झाला, काठी टेकत तथागतांकडे गेला, आणि तथागतांनी त्याला सांगितले की अशी हिताचा उपदेश करणारी गृहिणी तुला लाभली हे तुझे भाग्य. पैशाची गोष्ट आधी का काढली, असे तथागतांनी म्हटले नाही. आम्हाला ही कथा इतकी जवळची वाटली की आमच्यातल्या एकीने ती सुपावर बसल्या बसल्या सगळ्यांना दोनदा सांगायला लावली. पोटाचा प्रश्न आधी सोडवून मग चित्ताचा प्रश्न हाती घेणे, हा क्रम तिच्या बोलण्यात आहे आणि तो आमच्या रोजच्या दिवसातही आहे.

थेरीगाथेतही अशा बायका आहेत. सुमंगलाची माता ही वेळू-बोरूचे काम करणाऱ्या घरातली. तिचा नवरा छत्र्या करी. मुसळ, भांडी आणि ते घर यांतून सुटल्याचा आनंद तिने सांगितला आहे. तिला सुटावेसे वाटले, नकुलमातेला घर धरून ठेवावेसे वाटले. दोघींनाही धम्मात जागा मिळाली. तेव्हा घर सोडणारी श्रेष्ठ की घर धरणारी श्रेष्ठ, या वादात आम्ही पडत नाही. मात्र दोघींचेही हात कामाचे होते, एवढे नमूद करतो.

जवळच्या काळाकडे येऊ. माता रमाईंनी बाबासाहेब परदेशात शिकत असताना गोवऱ्या थापून घर चालवले, असे आपण प्रत्येक २७ मे रोजी सांगतो आणि गाण्यांतून गातो. गाताना डोळे ओले होतात. पण त्या गोवऱ्या विकून पैसे येत होते, त्या पैशाने चूल पेटत होती, म्हणजे ती मिळकत होती, हे आपण म्हणत नाही. त्याग म्हटला की हिशेब संपतो. आम्हाला वाटते की रमाईंचा गौरव त्यांच्या श्रमाचा हिशेब मांडून अधिक होईल, कमी होणार नाही.

उर्मिला पवार यांचे 'आयदान' हे आत्मकथन २००३ साली प्रसिद्ध झाले. कोकणात बांबूच्या टोपल्या-सुपांना आयदान म्हणतात. त्यांचे वडील गेल्यावर त्यांच्या आईने आयदाने विणून मुले शिकवली. पुस्तकाला नाव आईच्या कामाचे आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. आणि फलटणच्या बेबीताई कांबळे. त्यांनी घरातच लहानसे दुकान थाटले, आणि गल्ल्यावर बसून, पुड्या बांधायला आलेली रद्दी वाचता वाचता, लिहायला लागल्या. कित्येक वर्षे ते लिखाण घरच्यांपासून लपवून ठेवले. ते पुढे 'स्त्री' मासिकातून आले आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' या नावाने पुस्तक झाले. घरच्या दुकानाच्या गल्ल्यामागे एका आईने आपल्या समाजाचा इतिहास लिहून काढला. घरी काम करणाऱ्या बाईला निवांतपणा कुठला, असे आम्ही म्हणतो तेव्हा आमची सून बेबीताईंचे नाव काढते आणि आम्ही गप्प बसतो. गप्प बसतो म्हणजे पटले असे नाही. गल्ल्यावर गिऱ्हाईक नसले की दोन ओळी लिहिता येतात. सुपावर दोन्ही हात अडकलेले असतात.

आता जे सांगायला आम्ही मुख्यतः आलो आहोत त्याकडे येतो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला आपल्या मंडळात दरवर्षी मुले जमतात. यंदा आमच्यातल्या दोघी मदतीला बसल्या होत्या. आईचा व्यवसाय या रकान्यात मुले काय लिहितात? गृहिणी. काहीजण लिहितात, काही नाही. एका मुलाने रेघ मारली. त्याच्या आईला आम्ही ओळखतो. त्याची परीक्षा फी तिने कशी भरली तेही ओळखतो. त्या मुलाचा राग आला नाही, कारण त्याला कुणी शिकवलेच नाही की हे काम आहे. त्याच्या वडिलांच्या रकान्यात 'मजूर' होते, आणि वडिलांना महिन्यातले दहा-बारा दिवस काम लागते.

मुलांनो, ही रेघ किती महाग पडते ते ऐका. घरी विडी वळणारी बाई कामगार आहे, हे देशाच्या कायद्याने फार पूर्वी मान्य केले. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला. त्यात कामगाराच्या व्याख्येत घरी बसून काम करणारी बाई स्पष्टपणे आली. इतकेच नव्हे, तर १९६१ च्या प्रसूती लाभाच्या कायद्याचा हक्क, काही फेरफार करून, तिला त्या कायद्यानेच लागू केला. १९७६ साली विडी कामगार कल्याण निधी उभा राहिला. विड्यांवर उपकर बसवायचा आणि त्यातून दवाखाने, घरे आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालवायच्या, अशी ती योजना. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा तो उपकर बंद झाला, आणि १९६६ चा कायदा २०२० च्या नव्या कामगार संहितेत विलीन करण्याचे संसदेने ठरवले. पण विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या श्रम खात्याची शिष्यवृत्ती असते, आणि तिच्यासाठी आईचे ओळखपत्र लागते. ज्या घरात आई 'काही नाही' करते त्या घरात ओळखपत्र कुठून येणार?

आणि ओळखपत्राचीही एक गंमत आहे. गंमत म्हणजे रडण्यासारखी. सट्टेदाराच्या वहीत पुष्कळदा नाव एकीचे असते आणि विड्या वळतात तिघी. सासू, सून आणि नणंद यांची हजारी एकाच नावावर चढते. कुठे कुठे तर नाव घरधन्याचे असते, ज्याने जन्मात पान कापलेले नाही. वहीत नाव नाही म्हणून कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून दवाखाना नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, शिष्यवृत्ती नाही. आमच्यातल्या एकीने सट्टेदाराला विचारले, माझे नाव का नाही? तो म्हणाला, बाई, नाव काय करायचे, पैसे मिळतात ना. आम्ही इथे त्याचे नाव घेत नाही. तो एकटाच तसा असता तर घेतले असते.

कायदा कागदावर का राहतो, याचे कारण आम्हाला असे दिसते. कारखान्यात बायका एका दाराने येतात आणि एका दाराने जातात. दारात उभे राहून बोलले तर शंभरजणी ऐकतात. घरी काम करणाऱ्या शंभरजणींना शंभर दारे असतात. एकीला दुसरीचा दर माहीत नसतो. मालक असतो, पण दिसत नाही. मध्ये सट्टेदार उभा, त्याच्याशी भांडले तर उद्याची पाने बंद. म्हणूनच जगातल्या कामगार संघटनेने १९९६ साली जिनिव्हात घरी काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र करार केला, त्याचा क्रमांक १७७. अहमदाबादला १९७२ पासून इलाबेन भट्टांनी उभ्या केलेल्या 'सेवा' संघटनेने त्यासाठी पुष्कळ खटपट केली. भारताने त्या करारावर अजून मान्यतेची सही केलेली नाही.

हीच शंभर दारे एकत्र आणली की काय होते, त्याचेही उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून 'लिज्जत'चे एवढे मोठे काम उभे राहिले. तिथेही बायका पिठाचे गोळे घरी नेतात आणि घरीच लाटतात. चूल, पोळपाट, मूल, सगळे आमच्यासारखेच. फरक एवढा की लाटणारी तिथे मालकीण आहे. काम घरी होते म्हणून बाई गरीब राहते, असे आम्ही मानत नाही. घरी केलेल्या कामाची मालकी आणि मोजणी दुसऱ्याच्या हाती असते, तिथे गाडी अडते.

आता मुलांबद्दल. यावर आम्हा पाचजणींत एकमत झाले नाही, आणि ते झाले असे दाखवण्यात अर्थ नाही. घरी काम करणारी आई मुलांजवळ असते, हा या कामाचा मोठा गुण सांगितला जातो. मुलाला खोकला आला की तिला कळतो. शाळेतून आलेले मूल दार उघडे पाहते. पण आमच्यातली एक म्हणाली की मूल जवळ असते, लक्ष सुपात असते. मुलगा कविता म्हणून दाखवतो आणि आई हूं हूं करत मनात विड्या मोजते. चारशे वीस, एकवीस, बावीस. त्याने मध्येच विचारले, आई, कशी झाली? तर ती तेवीस म्हणते. यावर आम्ही खूप हसलो. मग कुणी हसेना.

मुलीचा प्रश्न याहून कठीण. आठ-नऊ वर्षांची झाली की ती आईशेजारी बसून पाने कापू लागते. मग दोरा बांधू लागते. बारा वर्षांच्या मुलीचा हात आईपेक्षा चपळ असतो. हजारी लवकर भरते, घरात दोन पैसे जास्त येतात. आमच्यातली मोठी म्हणते, त्यात वावगे काय? हुन्नर आहे, उद्या उपाशी राहणार नाही. आम्ही सगळ्याच अशा शिकलो. सून म्हणते, सासूबाई, तुम्ही सातवीला शाळा सोडली ती याच दोऱ्यापायी. १९८६ च्या कायद्याने मुलांना विडीकाम मना केले, पण कुटुंबाच्या मदतीने घरी चालणारे काम त्यातून वगळले. म्हणजे जिथे मुली खरोखर विड्या वळत होत्या तीच जागा सुटली. २०१६ च्या दुरुस्तीनेही, धोक्याची कामे सोडून, शाळेनंतर घरच्या धंद्यात मदत करायची मुभा ठेवलीच आहे. आणि शाळेनंतरची ही मदत शाळेच्या आधी, मग शाळेऐवजी, केव्हा होते ते कायद्याला दिसत नाही. आईला दिसते.

या वादाचा निकाल आम्ही असा लावला की परीक्षेच्या दोन महिन्यांत कुठल्याही मुलीच्या हाती कात्री द्यायची नाही. तेवढे सगळ्यांनी मान्य केले. वर्षभराचे मान्य झाले नाही, कारण तो पैसा कुठून भरून काढायचा ते कुणालाच सांगता आले नाही.

१९४२ च्या जुलै महिन्यात नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद झाली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका जमल्या होत्या. तिथे बाबासाहेबांनी सांगितले की समाजाची प्रगती मी त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. मुलांना शिकवा, लग्नाची घाई करू नका, असेही बजावले. त्याही आधी, १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात, कामगार स्त्रियांना बाळंतपणाची भरपगारी रजा देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने ते उभे राहिले होते. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला, पण तो कारखान्यातल्या बायकांपुरता. घरी काम करणाऱ्या विडीवालीपर्यंत तो हक्क कागदावर पोचायला १९६६ उजाडले. आमच्यातल्या दोघींची मिळून सात बाळंतपणे झाली. सातही वेळा बाराव्या दिवसाच्या आत सूप मांडीवर होते.

सुनेला मात्र २६ आठवड्यांची रजा मिळाली. २०१७ च्या दुरुस्तीने ती रजा वाढली. त्याच दुरुस्तीत असेही आहे की रजा संपल्यावर, काम तसे असेल तर, मालकाच्या संमतीने बाईला घरून काम करता येईल. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर घरून काम ही मोठ्या शहरांत रोजचीच गोष्ट झाली. शिकलेल्या मुलींना यामुळे नोकरी टिकवता आली, ही चांगली गोष्ट आहे. पण सून सांगते की कचेरीत होती तेव्हा सहाला सुटत होती. आता सुटतच नाही. पाहुणे आले की म्हणतात, घरीच आहे ना, चहा टाक. साहेब म्हणतो, घरीच आहात ना, एवढे करून टाका. दोघांनाही ती मोकळी दिसते. आम्ही तिला म्हटले, पोरी, तुझ्या हातात सूप नाही, पण तू आमच्यातलीच.

पुरुष मंडळी मघापासून शांत बसली आहेत, त्यांच्याकडे वळतो. २०१९ च्या सरकारी पाहणीत देशभरातल्या लोकांना दिवसाचा हिशेब विचारला होता. घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, आणि ती कामे करणाऱ्या पुरुषांची ९७. म्हणजे जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचे हे ९७. जे लावतच नाहीत ते या सरासरीत नाहीत. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पत्नीचा मान राखणे, तिला हीन न लेखणे, एकनिष्ठ राहणे, घरातला अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला अलंकार देणे. अलंकारांचे राहू द्या. अधिकाराचे बोला. हजारीचे पैसे कुणाच्या हातात पडतात? आपल्या वस्तीत असे उपासक आहेत की जे बायकोचा माल स्वतः सट्टेदाराकडे पोचवतात आणि पैसे आणून तिच्या हाती देतात. असेही आहेत की पोचवतात आणि पैसे वाटेतच संपतात. त्याच सुत्तात मालकाने कामगाराशी कसे वागावे तेही आहे. शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात सेवा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुटी द्यावी. घरी राबणारी आई ही पत्नीही आहे आणि कामगारही आहे. दोन्ही यादींतले तिच्या वाट्याला काय आले, हे प्रत्येकाने घरी जाऊन पाहावे.

मंडळाकडे आमच्या तीन मागण्या आहेत, त्या सांगून आम्ही थांबतो. विहाराचे सभागृह दुपारी तीन ते सात रिकामे असते. ते मुलींच्या अभ्यासासाठी उघडावे आणि कॉलेजच्या मुला-मुलींनी आळीपाळीने तिथे बसावे. मुलगी घरी असली की हात आपोआप सुपाकडे जातो, विहारात असली तर जाणार नाही. दुसरे, विडी कामगारांच्या ओळखपत्रासाठी आणि इतर घरकामवाल्यांच्या ई-श्रम नोंदणीसाठी मंडळाने दोन रविवार द्यावेत. ई-श्रम २०२१ पासून सुरू आहे, त्यात घरी काम करणाऱ्या बाईची नोंद होते, आणि मोबाईल वापरणारी मुले आपल्याकडे कमी नाहीत. कल्याण आयुक्तांचे कार्यालय नागपुरातच आहे. पाच-सहाजणी मिळून गेलो तर ऐकतात, एकटीला उद्या या म्हणतात.

तिसरे, एक वही घातली आहे. कोण कुणासाठी काम करते, हजाराला किंवा डझनाला काय दर मिळतो, छाट किती निघते आणि पैसे कोणाच्या नावावर होतात, एवढेच तीत लिहायचे आहे. शंभर दारांचे दर एका कागदावर आले की सट्टेदाराशी काय बोलायचे ते ठरवता येईल. वही बाहेर चपला काढतो तिथल्या बाकावर ठेवली आहे. जिला लिहिता येत नाही तिचे आमच्यातली एकजण लिहून घेईल. आतापर्यंत अकरा नावे आली आहेत. जाताना बघून जा.

जयभीम.